लेकराच्या तोंडची पहिली शिवी

रविवारी सकाळी नेकनूरच्या विजयसिंहदादांच्या घरी काय चालू असतं, ते आळीत कुणालाही विचारा. दादा पुढच्या खोलीत पुढाऱ्यांशी फोनवर बोलत असतात, सत्यभामाबाई पडवीत ज्वारी निवडत असतात, आणि त्यांचा एकुलता एक रविराज कानात इअरफोनचे बोळे घालून पडवीतल्याच पलंगावर आडवा पडलेला असतो. बंदुकांचा गेम खेळत असतो म्हणे. खेळतो कसला, बोंबलतो! फोनमधल्या त्या जगात चौघाचौघांच्या टोळ्या करायच्या, एकमेकांना गोळ्या घालायच्या, आणि घालता घालता माईकवर बोलायचं, असा तो खेळ. काय बोलायचं, ते इथे छापता येत नाही. कुणाची तरी आई असते, कुणाची तरी बहीण असते, आणि मधेमधे ‘मार ना बे’ असतं.

सत्यभामाबाईंना पोराची काळजी नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. लई काळजी होती. डोळे जातील, मान आखडेल, बारावीचे मार्क जातील, चार्जिंगला लावलेला फोन फुटेल. दिवसातून दहादा त्या म्हणत, “रव्या, डोळे फुटतील रे मेल्या!” त्याच्या तोंडाची काळजी त्यांना कधीच वाटली नाही. बाप्याच्या तोंडात शिवी असायचीच, नसली तर लोक डोक्यावर मिऱ्या वाटतात, हे त्यांनी माहेरीही ऐकलं होतं आणि सासरीही.

त्या रविवारी दारात साखराबाई येऊन उभी राहिली.

साखराबाई लिंबागणेश गावची. तिचा नवरा बंकट मेंढ्या राखतो. दरवर्षी त्याची मेंढरं विजयसिंहांच्या वावरात बसतात, लेंडीखतानं रान सुधारतं, आणि तेवढ्या दिवसांत साखराबाई ताक मागायला या पडवीत येते. एरवी ती हसत यायची. आज उंबऱ्याबाहेरच टेकली. सत्यभामाबाईंनी पाणी दिलं, तर तांब्या तिनं तसाच बाजूला ठेवला.

“काय गं, अशी अवचित?”

“पाटलीणबाई, माज्या मोहिनीचं लगीन उरकायलेत.”

“मोहिनीचं? आगं, ती बीडला अकरावीला हाय ना?”

“व्हती. सोळा बी संपले न्हाईत तिला. शुक्रवारी पाव्हणे येणार, कुंकू लावणार. मंग दोन दिसांनी गुपचूप देवळात अक्षदा. पोलिसाला कळाया नको म्हणून.”

“पण कावून एवढी घाई?”

साखराबाईनं पिशवीतून फोन काढला, बोटानं चाचपडत दाबला आणि मधे जमिनीवर ठेवला. आधी एका मुलीचा आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत. “डावीकडं झाडामागं हाय एकजण. त्याला मी बघते, तुमी तिघं पुढं व्हा.” मग एक मुलगा ओरडला, “अबे, पोरगी हाय बे ही!” आणि सुरू झालं. तो बोलत होता, बाकीचे दोघे खिदळत होते. मुलगी एकदाच म्हणाली, “नीट बोल ना रे दादा.” दादा म्हटल्यावर तर हसण्याला ऊतच आला. त्यानंतर ती बोलली नाही.

पलंगावर रविराजनं कानातले बोळे काढले होते. शिव्या देणाऱ्याचा आवाज कुणाचा, हे पडवीतल्या तिघांनाही कळलं होतं.

“कुणीतरी हे भरून घेतलं आन गावात सोडलं,” साखराबाई म्हणाली. “पारावर बसून ऐकत्यात. पोरगी कॉलेजच्या गाडीत बसली की मागून कुणीतरी लावतंय. आमचे मालक म्हनले, पोरीचं नाव गावाच्या तोंडात गेलं, आता घरात ठिवून चालणार न्हाई.”

घाण बोललं पोरगं, आणि कॉलेज सुटलं पोरीचं! वाचकहो, असला न्याय आपल्याच गावात होतो, आणि तो करणारे स्वतःला अब्रूदार म्हणवतात.

बोलणं ऐकून विजयसिंह बाहेर आले. साऱ्या प्रकारावर त्यांचा निकाल तयारच होता. “पोरीला फोन दिलाच कावून मी म्हणतो? पोरांच्यात खेळाय गेली तर हेच व्हणार. पोरं हायत, बोलत्यात.” आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! “आन हा आवाज ह्याचाच कशावरून? अशी छप्पन पोरं असतील.”

“वळखते मी, दादा,” साखराबाई खाली बघत म्हणाली. “त्यानं ज्या शिवीपासून सुरू केलं ना, ती मी पयल्यांदा ह्याच पडवीत ऐकलीय. त्याच्याच तोंडून.”

सत्यभामाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

आपल्याकडे एक कौतुक आहे, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलगा बोबडं बोलायला लागला की आधी त्याला ‘आई’ म्हणायला शिकवतात आणि पाठोपाठ शिवी. पाहुणा आला की आजोबा नातवाला मांडीवर घेतात. “हान बरं मामाला एक!” नातू बोबड्या बोलात हाणतो, पडवी हसून लोळते, मामा त्याचा पापा घेतो. तीच शिवी नातीनं दिली तर तिचं थोबाड फुटतं. रविराजला ही विद्या त्याच्या आजोबांनी, आप्पांनी दिली. साखराबाई ताकाला आली होती. आप्पा म्हणाले, “हान बरं साखरीला एक.” दोन वर्षांच्या रविराजनं हाणली. सगळे पोट धरून हसले. सत्यभामाबाईंनी शाबासकी म्हणून लेकराच्या तोंडात बत्तासा घातला होता.

“मी बी हसले तवा,” साखराबाई म्हणाली. “ताक न्यायचं व्हतं ना. मोहिनी तवा माज्या पोटात व्हती, पाटलीणबाई.”

मग तिनं मागणं मांडलं. “मी भांडायला न्हाई आले. शुक्रवारी रविराजनं येऊन पाव्हण्यांम्होरं एवढंच म्हणावं, चूक माजी, पोरीनं कायबी केलं न्हाई. मालक ऐकतील. माजी लेक वाचंल.”

“माफी? आमी?” विजयसिंह उसळले. “इलेक्शन तोंडावर आलंय. बंकटला सांग, यंदा मेंढरं दुसरीकडं बसव म्हणावं.”

साखराबाई उठली. जाताना तिनं सत्यभामाबाईंकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. पोराची जीभ सैल सोडणारी आई, दुसरीच्या पोरीसाठी मात्र तिची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटली. ही गोष्ट झाकून मला पुढे जाता येत नाही.

त्या आठवड्यात त्यांना घास गोड लागेना. तव्यावर भाकरी करपायची आणि त्या चुलीकडे बघत बसायच्या. आपण बत्तासा दिला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणच डबा उघडून दिला. एके दुपारी त्यांनी रविराजला समोर बसवलं.

“असं कावून बोललास रे?”

“मम्मे, गेममधी समदेच बोलत्यात. चालतं तिथं. ती लिंबागणेशची हाय हे मला ठावंच न्हवतं.”

“ठावं असतं तर?”

“तर न्हाई बोललो असतो.”

“म्हंजे वळखीची नसली की चालतं?”

रविराज फोनचं कव्हर नखानं उचकटू लागला. हे पोर वाईट नाही, आणि तरी असं बोलतं, याचा अर्थ त्याला हे आपणच चांगलं म्हणून दिलंय, हे सत्यभामाबाईंना त्या क्षणी कळलं.

शुक्रवारी विजयसिंह बीडला गेले. सत्यभामाबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि पोराला हलवलं. “ऊठ. लिंबागणेशला जायचंय.”

“पप्पा मारतील.”

“मला मारतील. तू गाडी काढ.”

बंकटच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. पाहुणे आणि गावातली चार माणसं चहा पीत होती. मोहिनी नव्या साडीत पाटावर बसली होती, आणि साडी अंगाला इतकी मोठी होती की पदर सावरता सावरेना. मोटारसायकलवरून पाटलीणबाई उतरलेल्या पाहून बंकट गडबडून उठला.

रविराज पुढे झाला. मान वर झाली नाही. “चूक माजी हाय,” तो पुटपुटला. “तिनं काय केलं न्हाई. माफ करा.”

झालं काय? नवऱ्या मुलाचा मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “वा वा! मोठ्या घरचं पोरगं माफी मागतंय. विषय मिटला. आता कुंकू लावून घ्या, येळ निघून चालली.” लोक हसले. माफीसुद्धा पोरांच्या बाजूनंच कामाला आली!

तेवढ्यात पाटावरून आवाज आला.

“मला माफी नको.”

सगळे वळले. मोहिनी उभी राहिली होती. आवाज थरथरत होता, पण शब्द स्वच्छ होते. “त्या दिवशी मला जे बोललास ते हितं बोल. माज्या आईम्होरं, तुज्या आईम्होरं. तुला तोंडपाठ हाय ना?”

रविराजनं तोंड उघडलं. बंद केलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समोर त्याची आई होती, बाजूला साखराबाई होती. ओठांवर एक अक्षर येईना.

“तिथं तर लई आलं. हितं कावून येईना?” मोहिनीनं मग अंगणावरून नजर फिरवली. “तुमी समद्यांनी ऐकलंय ना? पारावर बसून ऐकलं. मंग माज्याम्होरं एकजण बोला.”

कपबश्या वाजायच्या थांबल्या. जो तो घोंगडीची दशी चाचपू लागला.

तेव्हा सत्यभामाबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. “त्याला येतंय, पोरी. मी शिकवलंय. तू आईच्या पोटात व्हतीस तवा ह्यानं तुज्या आईला पयली शिवी दिली, आन मी त्याला बत्तासा चारला.” त्यांना रडू फुटलं, तसंच बोलत राहिल्या. “बंकटभाऊ, घाण बोलला त्याचं कॉलेज चालू हाय. काल मी त्याला दूध-भाकर वाढली. आन शिक्षा हिला? ह्या पोरीला कुंकू लावलं तर मी हितूनच पोलिसाला फोन लावते. पयलं नाव माज्या पोराचं सांगते, मंग तुमचं.”

बंकटनं लेकीकडे पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यानं तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. त्याची मान हळूहळू खाली गेली. मग तो पाहुण्यांना म्हणाला, “च्या घ्या पाव्हणं, आन निघा.”

लग्न मोडलं. विजयसिंह बरेच दिवस बायकोशी बोलले नाहीत. नेकनूरात लोक अजून म्हणतात, पाटलिणीनं पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडली. मांडली, बरं केलं. रविराजनं गेम काढून टाकला आहे. ते पुरेसं नाही, हे त्याच्या आईला माहीत आहे.

गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण परवा बाजारात सत्यभामाबाईंना साखराबाई भेटली. दोघी कडेला थांबल्या.

“मोहिनी जाती का गं कॉलेजला?”

“जाती की. रोज जाती,” साखराबाई म्हणाली. “पण बोलत न्हाई, पाटलीणबाई. सर म्हनले, हजेरीला सुदीक नुसता हात वर करती. गाडीत मागं कुणी हसलं की दचकती.”

सत्यभामाबाईंनी तिचा हात धरला. गर्दीत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मोहिनीचं ते रेकॉर्डिंग अजून फोनाफोनांत फिरतं आहे. त्यात सुरुवातीला एक मुलगी तीन अनोळखी पोरांना न घाबरता वाट दाखवते. तो आवाज तिला परत कुणी आणून द्यायचा? कदाचित ते तुमच्याही फोनवर आलं असेल. ऐकताना तुम्ही हसला होतात का, एवढं आज आपल्या लेकीकडे बघून आठवा.