भोकाचं मडकं

"फोडून टाक ते! आत्ताच्या आत्ता!" गोजराबाई ओसरीवरून ओरडली. "घरात कोनी मेलं काय, भोकाचं मडकं मांडून ठेवलं?"

सून, रूपाली, वरच्या मडक्यात पाणी ओतत राहिली. तिवईवर एकावर एक तीन मडकी होती. वरच्यात धुतलेली रेती, मधल्यात कोळशाचा चुरा, दोन्हींच्या बुडाला खिळ्याने पाडलेलं भोक, आणि खालच्यात ठिबकणारं नितळ पाणी. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी गाळा, मग उकळा, नाहीतर पोरीची कावीळ उलटेल. नळाला तर चहासारखं पाणी यायचं. टाकी धुवा म्हणून पंचायतीत चकरा मारून रूपालीच्या चपला झिजल्या. तिथे कुणाला टाकीतला गाळ दिसला नाही. हे भोक मात्र अख्ख्या गावाला दिसलं. कुंभाराने तर "असं मडकं मसनात जाते, घरात नाई" म्हणत भोक पाडायलाच नकार दिला. गाळ पोटात गेलेला चालतो, भोक डोळ्यांना दिसलेलं चालत नाही. असल्या शहाण्यांना काय म्हणावं!

नवरा, जगदेव, विळ्याला धार लावत बसला होता.

"तुमी तरी बोला," ती म्हणाली.

"मायच्या जिवाले लागते तं काढून ठेव ना. कायले वाद?"

"कायले? निकिताचे डोये पाहा, हळदीवानी पिवये झाले!"

गोजराबाई काठी उगारून तिवईपाशी आली. "माया बादल गेला तवा असंच मडकं जगदेवच्या खांद्यावर होतं. वरीस नाई झालं अजून. आन् तू तेच मायासमोर मांडतं?"

बादल तिचा धाकटा लेक. काविळीनेच गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. आज रूपालीचा तोल सुटला.

"भाऊजी मडक्यानं गेले काय, आत्याबाई? या नळाच्या पाण्यानं गेले! मडकं तं मांगून आलं. या पाण्याले कोनी अपशकून म्हनलं नाई. आता माया पोरीची बी वाट पाहू काय?"

उगारलेली काठी मडक्याला न लागताच खाली आली. जगदेव उठून बाहेर निघून गेला. गोजराबाई तिथेच भुईवर बसली आणि बराच वेळ ठिबकणारं पाणी पाहत राहिली. बोललेलं परत घ्यावं असं रूपालीला वाटलं नाही.

संध्याकाळी पाणी उकळून गार झालं. निकिता प्याली. रूपालीने एक पेला सासूपुढे ठेवला. गोजराबाईने तो बाजूला सारला.

"पोरीले पाज. रोज पाज. रेती मी धुऊन देईन."

मग ती रांजणाकडे गेली आणि नळाचं तेच पाणी तांब्यात घेतलं.

"आत्याबाई, ते नोका पिऊ!"

"माया लेकरानं हेच पेलं," गोजराबाई म्हणाली. "मीच भरून देत होती त्याले."

आणि तिने उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला.