लोखंडी पलंगाची शिलाई

मापं

पलंगाची लांबी साडेसहा फूट. रुंदी मास्तरांच्या खोलीत अडीच फूट आणि त्यांच्या बायकोच्या खोलीत अडीच फूट.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या मास्तरांनी सात वर्षांपूर्वी एका दुपारी स्वतःचा पलंग कापून घेतला होता. भांडण उशी कुठे ठेवायची यावरून. ती म्हणत होती खिडकीकडे, हे म्हणत होते दाराकडे. शब्दाला शब्द लागला, मास्तर तरातरा बाहेर गेले आणि ग्रिलवाल्याला घेऊन आले. त्याने कटर लावला, अकरा मिनिटांत पलंग लांबीतून उभा चिरला आणि चहाला नको म्हणून निघून गेला. तेव्हापासून दोन खोल्यांत दोन अर्धे पलंग. प्रत्येकाला दोनच पाय, कापलेली बाजू विटांवर. दोघांचंही म्हणणं खरं झालं होतं, आणि त्या समाधानाने सात वर्षं दोघांचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बुधवारी सकाळी ती मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ताईने बोलावलंय. कायमचं. रविवारी टेंपो येतोय, माझा अर्धा पलंग घेऊन जाते."

मास्तर शर्टाला काज करत होते. सुई बोटात गेली.

"अर्ध्या पलंगाला टेंपो?"

"मग काय, पाठीवर टाकून नेऊ?"

"जायलाच हवं का?"

ती पलंगाच्या कापलेल्या कडेकडे बघत राहिली. "जोडलेला दिसला तर राहीन. पण जोडायचा तुम्ही, स्वतःच्या हाताने. ग्रिलवाल्याला हाक मारलीत तर रविवारची वाट न बघता निघेन. आणि सांधा मी तपासणार."

तीस वर्षं ती कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिच्या हाताखालून चुकीचं कुलूप कधी सुटलं नाही. बरोबर कुलूपसुद्धा सहजासहजी सुटत नसे.



बेत

दुपारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आलं. शिवणयंत्राच्या डोक्याएवढं, तेवढंच जड. त्याच्यासोबत हातात धरून ठिणगी पाडायचा टॉर्च, चिमटा, हेल्मेट आणि एक पायाचं पेडल. खरं तर टॉर्चला बटण होतं, पण पेडल दिसल्यावर मास्तरांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मागोमाग आर्गॉनचं सिलिंडर घेऊन गॅसवाला आला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बसला.

"मास्तर, आधी कधी केलंय?"

"कोट शिवलेत."

"बरं. ऐका. टॉर्च निगेटिव्हला, चिमट्याची वायर पॉझिटिव्हला, आणि चिमटा लोखंडाला. गंज, रंग सगळं खरवडून लोखंड चकचकीत करायचं. आणि ही टंगस्टनची सुई लोखंडाला टेकवायची नाही. दोन मिलिमीटर वर धरायची. टेकली की मेली."

"सुई टेकवायची नाही? मग शिवायचं कसं?"

"मधल्या जागेत ठिणगी उभी राहते, ती लोखंड वितळवते. आजूबाजूला गॅस असतो, तो हवा लागू देत नाही. डाव्या हाताने त्या वितळलेल्या थेंबात तार द्यायची. थोडी थोडी."

"तार म्हणजे दोरा."

"दोरा तर दोरा," गॅसवाला म्हणाला.

कच्चा टाका

मागच्या अंगणात, भंगारातल्या दोन पाइपांवर सराव सुरू झाला. मास्तरांनी ग्राइंडरवर टंगस्टनला पेन्सिलीसारखं टोक काढलं, ते जिभेला लावलं, एक डोळा बारीक केला आणि टॉर्चमध्ये ओवलं.

"जिभेला का लावलंत?"

"सवय."

"घाण जळते तिथे, मास्तर. पुसा ते."

"माझी थुंकी म्हणजे घाण?"

"लोखंडाला तसंच वाटतं."

मास्तरांनी हेल्मेट खाली घेतलं, श्वास रोखला, पेडल दाबलं आणि ठिणगी

सुई टेकली. ग्राइंडरवर नवं टोक.

मास्तरांनी हेल्मेट खाली घेतलं, श्वास अर्धाच रोखला, पेडल दाबलं, काच आपोआप काळी झाली आणि त्या काळोखात एक हिरवट थेंब असा काही लकाकू लागला की मास्तरांना वाटलं, आपण तिला एकदा तरी

सुई टेकली. ग्राइंडर.

मास्तरांनी हेल्मेट खाली घेतलं आणि काही म्हणजे काही वाटून न घेता तार पुढे केली. थेंबाने ती गिळली. पुन्हा केली, पुन्हा गिळली, आणि

"मास्तर, पाय!"

मास्तरांचा उजवा पाय टाच-पंजा, टाच-पंजा असा झुलत होता. पेडल जितकं दाबावं तितका करंट चढतो, सोडलं की उतरतो. ठिणगी बिचारी उठाबशा काढत होती.

"हे शिवणयंत्र नाही. दाबून धरा नुसतं!"

"मी धरलंय. तो हलतोय."

पाय ऐकेना. त्याला दोरीने बांधून पाहिलं, मांडीवर वीट ठेवून पाहिली. शेवटी गॅसवाल्याने मास्तरांच्या डाव्या पायाखाली रिकामा पत्र्याचा डबा दिला. डावा पाय डब्यावर मनसोक्त खडखडू लागला आणि उजवा पहिल्यांदा शांत बसला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या खडखडाटात एकावर एक कललेल्या नाण्यांसारखा टाका पडायला लागला.

गॅसवाला बराच वेळ वाकून बघत राहिला.

"भाऊ, बोला की काहीतरी."

"काय बोलू? मला असा येत नाही."

भिंतीतून

"जमतंय का?" रात्री तिने आपल्या खोलीतून विचारलं.

"जमतंय."

"वास कसला येतोय?"

"जमल्याचा."

पक्की शिलाई

शनिवारी गॅसवाला आपल्या कामावर गेला होता. तिने आपला अर्धा पलंग न बोलता अंगणाच्या दाराशी आणून टेकवला. गादी काढलेली, चौकट पुसलेली, वरचा जाड पत्रा धुतलेला. मास्तरांनी दोन्ही कडा घासून लख्ख केल्या. सांध्याच्या बाबतीत मनात काडीची शंका उरली नव्हती.

आणि तिथेच घात झाला. मन सांध्यात गुंतलेलं, आणि हात मोकळे. चाळीस वर्षं कोणतेही दोन तुकडे समोर आले की त्या हातांनी जे केलं, तेच त्यांनी आताही केलं. सुलट बाजू आत, उलट बाजू बाहेर, कडेला कड. एक अर्धा विटांवर सरळ, दुसरा त्याच्यावर पालथा, त्याचे पाय आभाळाकडे. टाचण्या लागेनात म्हणून शिकंजे लावले.

मग डावा पाय डब्यावर पडला आणि मास्तर सुटले. आधी वीतभर अंतरावर टाके, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसहा फूट सलग. कुठे घाई नाही. प्रत्येक पट्टा संपला की तापलेल्या जागेवर टॉर्च तसाच धरून ठेवायचा, गॅस पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही. शेवटच्या इंचाला सिलिंडरचा काटा शून्यावर आला.

मास्तरांनी शिकंजे काढले आणि पलंग सुलट करायला घेतला. आत हात घालून ओढला. मग कॉलरची टोकं काढतात तसा कोपऱ्यात अंगठा घालून दाबला. लोखंड उलटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि गॅसचं गोदाम सोमवारपर्यंत बंद झालं होतं.

फिटिंग

रविवारी सकाळी नऊला टेंपो दारात लागला. ती चष्मा आणि फट मोजायची पोलादी पात घेऊन अंगणात आली. पात सांध्यावर टेकवत ती एका टोकाकडून निघाली. मास्तर तिच्या मागोमाग चालत होते.

फट: नाही.
भोक: नाही.
रंग: सोनेरी, शेवटपर्यंत सारखा.
पलंग:

इथे ती थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो, हे काय आहे?"

"सुलट बाजू आत आहे."

"ती बाहेर कधी येणार?"

"येत नाहीये."

टेंपोवाला कंबरेवर हात ठेवून पलंगाला फेरी मारून आला. "वहिनी, यातला तुमचा कुठला?"

"वरचा."

"मग खालचाही न्यावा लागेल. आणि हे वरचे दोन पाय माझ्या टेंपोच्या टपाखाली बसायचे नाहीत." त्याने मास्तरांकडे बघितलं. "झोपायचं कसं यात? चपातीसारखं शिरून?"

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी हातमोजे काढले.

"तू जा. तुझा अर्धा मी अडवून धरल्यासारखं नको व्हायला. ग्रिलवाल्याला बोलावतो. तो देईल वेगळा करून."

"कोण म्हणालं वेगळा करा?"

"नापास झाला ना."

"पलंग नापास. सांधा पास." तिने पात पिशवीत टाकली. "इतका सरळ सांधा कारखान्यात कोणी काढला असता तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, बाबा रे, हे शिकलास कुठे?" मग टेंपोवाल्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही निघा. ताईला सांगा, काम अर्धवट आहे, सोडून येता येत नाही."

टेंपोवाला डोकं खाजवत गेला.

"आज झोपायचं कशावर?" मास्तरांनी विचारलं.

"याच्यावरच. आहे की अडीच फूट." तिने आभाळाकडे गेलेल्या पायांकडे बघितलं. "दोन टोकांना मच्छरदाणी बांधता येईल. उरलेली दोन आपण धरू."

सोमवारी नवं सिलिंडर आलं. मास्तरांनी स्वतः ग्राइंडरने सांधा उसवला, कडा पुन्हा घासल्या, आणि या वेळी दोन्ही अर्धे जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. ती उभी राहून बघत होती, पत्रा वर, पाय खाली, याची खात्री करत. पण तिचा अर्धा जरा उचलून धरायला हवा होता, आणि ठिणगीपासून डोळे वाचवायला हेल्मेट एकच होतं. म्हणून ती डोक्यावरून शाल घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि हात मागे करून तिने चौकट धरली.

"थोडं खाली," मास्तर हेल्मेटमधून म्हणाले.

ती खाली वाकली.

"आणखी एक सूत. बास, बास. एवढंच. आता दिसतंय का तुला?"

"मला काय दिसणार? समोर भिंत आहे."

"बरोबर बसलंय. मी सांगतो ना."

"तुम्ही सांगताय म्हणूनच धरलंय. पेटवा आता, हात भरून आला."