गाठ मारलेली टोकं

स्वेटर कसा झालाय हे बघायला मी तो आधी उलटा करते. पुढून सगळेच साळसूद दिसतात. पंधरा वर्षं लोकरीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून मी सुटी टोकं लपवतेय. त्यामुळे मी खोचक झालेय, असं मालकीणबाई म्हणतात. असेन.

धाकट्या बहिणीला हे काम मीच शिकवलं. गाठ मारायची नाही, म्हणजे नाही. वीतभर टोक ठेवायचं, सुईत ओवायचं, आतल्या बाजूने चार टाके पुढे, चार मागे, मग ओढून बघायचं. लहानपणी तिने एकदा गाठ मारली, तर मी अख्खा मफलर उसवला. दोन दिवस अबोला धरला बयेने, पण पुन्हा कधी गाठ मारली नाही. लग्नानंतर ती घरीच विणायची आणि महिन्याच्या महिन्याला स्वतः आणून द्यायची.

या खेपेला मेहुणे आले.

"तिला कणकण आहे, ताई. पडूनच असते. त्यात फोनही बिघडलाय."

"आणि अंगात ताप असताना स्वेटर पूर्ण केला?"

"ऐकते का ती कुणाचं? काल टोकंबिकं लपवूनच उठली."

ते हसले, मीही हसले. ते ऑफिसला गेले आणि मी स्वेटर उलटा केला.

वीण तिचीच होती. पण टोकांना गाठी होत्या. अकरा गाठी, करकचून आवळलेल्या, कात्रीने बुडाशी कापलेल्या. तापाने हात असा बदलत नाही. फार तर तिने टोकं तशीच लोंबती ठेवून दिली असती, वर मलाच चार शब्द ऐकवले असते.

मी तडक तिच्या घरी निघाले. तिच्या सासूबाईंनी मदत केली असेल, अशी बसमध्ये स्वतःची समजूत घालत राहिले.

दार सासूबाईंनीच उघडलं. जाड भिंगांतून मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं.

"एकट्याच आलात? सूनबाई कुठेय?"

"म्हणजे?"

"अहो, तीन आठवडे तुमच्याकडेच आहे ना ती? भांडून गेली. मी म्हटलं, राहू दे चार दिवस, राग निवेल. विणून झालेला स्वेटरसुद्धा इथेच टाकून गेली. काल संध्याकाळभर आमचा मुलगाच बसला होता त्याला गाठी मारत. म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं? तर म्हणतो, ताई वाट बघत असतील."

"ती माझ्याकडे आलीच नाही हो," मी म्हणाले.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली आणि जिन्यावर भराभर पावलं वाजू लागली.

"हाच आला वाटतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण ऑफिस सोडून आत्ता कसा?"