जावांचा अनुभव

वाटाण्याच्या शेंगा भरल्या की मनकर्णाबाई बोटांवर माणसं मोजायला लागायची. खडकमाळ गावाच्या मुरमाड रानात दुसरं काही धड येत नसलं तरी पावसाळ्यात वाटाणा तेवढा येतो, आणि तो भरला की कुणाच्या बापाची वाट बघत नाही. दोन दिवस उशीर झाला की शेंग निबर होते आणि व्यापारी तोंड फिरवतो. मजूर बघावा तर साऱ्या पारनेर तालुक्याचा वाटाणा एकाच आठवड्यात भरलेला. म्हणून घरचीच माणसं. थोरला लेक आदिनाथ, त्याची बायको मोनिका, धाकटी सून रुपाली, आपण स्वतः आणि चुलत जाऊ लंकाबाई, म्हणजे आज तिनं इकडं तोडायचं आणि परवा आपण तिच्याकडं. धाकटा ज्ञानेश्वर सुप्याच्या कंपनीत पाळीवर, तो धरायचाच नाही. पाच झाली. तेवढ्यात पाचातलं एक बोट मिटलं.

"आत्या, उद्या अकराला माझा इंटरव्ह्यू हाय," रुपाली शेणाचे हात धूत म्हणाली.

"कसला?"

"जावाचा. म्हनजे नोकरीचा. पुन्याच्या कंपनीचा."

 मनकर्णेनं शेणाची पाटी अशी आपटली की म्हैस उठून उभी राहिली.

या जावेचं प्रकरण दोन वर्षांपासून चाललं होतं. रुपाली लग्न होऊन आली तीच कॉम्प्युटरची पदवी घेऊन. वर्षभर तिनं गुमान धारा काढल्या आणि मग एक दिवस जाहीर केलं, की मी रोज पारनेरला जाऊन जावा शिकणार. ही बातमी लंकाबाईनं दुपारपर्यंत गावभर केली. "घरात येक जाऊ हाय ती पुरंना व्हय? आनि शिकायचंच हुतं तर पारनेरला कशाला जायचं, मी हाय की. पस्तीस वर्सं मनकर्नाआक्काची जाऊ हाय मी, फुकट शिकवलं आसतं." रुपालीनं सासूला समजावून सांगितलं, की जावा ही कॉम्प्युटरची भाषा आहे, ती बोलली की तो आपलं ऐकतो. मनकर्णेनं मान डोलावली. पण आयुष्यभर ज्या शब्दानं बांधाची भांडणं आणि चुलीची वाटणी आठवते, तो शब्द दोन वर्षांत दुसरा अर्थ घेत नाही. तिच्या कानाला जावा म्हणजे जावाच.

खरं दुखणं वेगळंच होतं. नोकरी लागली नाही तर दोन वर्षं पोरगी एसटीनं हेलपाटे घालत होती ते पाण्यात. आणि लागली तर सून पुण्याला, सुनेमागं ज्ञानेश्वर, आणि इथं चार म्हशी, तीन गायी आणि म्हातारी. मनकर्णेला ही सून आवडायची. तिच्या हातच्या भाकरीपेक्षा तिची उलट उत्तरं जास्त आवडायची, पण हे ती मेली तरी बोलली नसती.

संध्याकाळी गनीभाईचा फैयाज पिकअप घेऊन रिकाम्या गोण्या टाकायला आला. फैयाज इंजिनियर. गावातला पहिला. आता तो गावोगावचा भाजीपाला बाजारात पोचवायचा. मनकर्णेनं त्याला गाडीच्या दाराशीच गाठला.

"फैयाज, खरं सांग. जावा शिकल्यावर नोकरी लागती का?"

"काकू, मला जावा येती, सी येती, पायथन येती. शेवटी ड्रायव्हिंग शिकलो, तवा पोटाला लागलो."

"मंजे लागत न्हाई."

"लागती की. पन आदुगर विचारत्यात, अनुभव किती. म्हनलं, न्हाई. म्हनत्यात, मंग अनुभव घेऊन या. म्हनलं, नोकरीबिगर अनुभव कुठून आनू? तर म्हनले, ते तुमचं तुमी बघा."

"सगळ्यांनाच आसं म्हनत्यात?"

"बावीस ठिकानी गेल्तो. बावीस ठिकानी हेच."

मनकर्णेला इतकं बरं वाटलं, की तिनं त्याला आत बोलावून चहा दिला आणि वर शेंगदाण्याचा लाडू दिला. बिचाऱ्याच्या दुखण्यात आपण आपलं औषध शोधतोय हे तिला कळत होतं. लाज मात्र वाटली नाही. रात्रीच्या जेवणाला बसताना ती एकदम उदार झाली.

"दे बाई तुझा इंटरव्ह्यू. आमी काय आडवं येतो व्हय? पन उद्या रानातून हलायचं न्हाई."

"रानातूनच देनार हाय," रुपाली म्हणाली. "घरात रेंज कुठं हाय? वरच्या बांधावरच येती."

सकाळपासून भुरभुर चालू होती. पाऊस म्हणावा तर कपडे भिजत नव्हते, आणि नाही म्हणावा तर वाळतही नव्हते. पायाखालचा मुरूम मऊ झालेला, वेलात हात घातला की कोपरापर्यंत थंडगार पाणी. अकराच्या आधी रुपालीनं बांधाच्या कडेला दोन क्रेट पालथे घातले. एकावर ती बसली, एकावर लॅपटॉप. अंगात इस्त्रीची नवी कुर्ती आणि खाली चिखलानं माखलेली सलवार. कमरेच्या वर पुणं आणि कमरेखाली खडकमाळ. लॅपटॉपवर पाणी पडू नये म्हणून मोनिका छत्री धरून मागं उभी राहिली, म्हणजे वाटाण्यातून आणखी एक माणूस गेलं.

"दोन सुना बांधावर," लंकाबाई तोडता तोडता म्हणाली. "आता वाटाना जावाच तोडील."

"तू तोंड कमी चालव आनि हात जास्ती," मनकर्णा म्हणाली. तिनं मुद्दाम बांधालगतची ओळ धरली होती. दहा हातांवर लॅपटॉप, आणि कान तिकडंच.

पडद्यावर एक चष्मेवाला साहेब आला. वयानं ज्ञानेश्वरएवढाच असेल. तो इंग्रजीत बोलायला लागला. मनकर्णेला 'येस सर' आणि 'जावा' एवढंच कळत होतं. आधी रुपाली भराभर बोलत होती, मग अडखळायला लागली. साहेब बरा माणूस असावा.

"मॅडम, मराठीत बोललात तरी चालेल," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, जावाचा अनुभव किती वर्षांचा आहे तुम्हाला?"

रुपाली नुसती पडद्याकडं बघत राहिली. 

मनकर्णेचे हात थांबले. अनुभव विचारणार हे तिला फैयाजनं सांगितलंच होतं. आणि रुपालीही मागं एकदा म्हणाली होती, की कंपनीत चार जणांत मिळूनमिसळून काम करावं लागतं, तेही विचारतात. म्हणजे माणूस घरात कसं वागतं ते बघत असणार. बरोबर आहे, सोयरीक जमवताना आपणही तेच बघतो. मग ही पोरगी गप्प का? गप्प बसली तर साहेबाला वाटेल, ह्यांच्या घरात जावाजावा एकमेकींच्या झिंज्या उपटतात. नोकरी जाईना का खड्ड्यात, पण घराच्या अब्रूचा प्रश्न होता.

"तीन वर्सांचा," मनकर्णा वाटाण्यातून ओरडली. "आनि साहेब, येकदाबी भांडान न्हाई. येका चुलीवर खात्यात."

साहेब दचकला. "कोण बोलतंय?"

"माझ्या सासूबाई आहेत, सर," रुपाली कशीबशी म्हणाली.

"पटत नसंल तर बघा, ही काय जाऊ तिची, छत्री धरून उभी हाय," म्हणत मनकर्णा थेट पुढं आली. मोनिकानं एका हातानं छत्री सांभाळत दुसऱ्या हातानं पदर सारखा केला आणि साहेबाला नमस्कार केला.

साहेबाला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यानं चष्मा काढला आणि तो टेबलावर डोकं ठेवून हसला. बराच वेळ हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आजी, मी कॉम्प्युटरच्या जावाबद्दल विचारत होतो. त्याचा अनुभव मॅडमना नाही ना? मग अवघड आहे. आम्हाला निदान दोन वर्षं काम केलेलं माणूस लागतं."

"ठीक आहे, सर. थँक्यू," रुपाली म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला तिनं हात पुढं केला.

झालं. मनकर्णेच्या मनासारखं झालं. फैयाजचा शब्द खरा ठरला, सून घरात राहिली, आता वाटाणा तोडायला पाच माणसं होती. तिनं वळून आपली ओळ धरायला हवी होती. पण तिनं रुपालीचं तोंड बघितलं. पोरगी रडत नव्हती, नुसती खाली चिखलाकडं बघत होती. पहाटे चारला उठून धारा काढून, भाकरी थापून, आठची एसटी धरणारी पोरगी. दोन वर्षांत एकदाही एसटी चुकली नव्हती. आपण आपल्या सुनेला नको म्हणणं वेगळं आणि परक्यानं तोंडावर नको म्हणणं वेगळं. मनकर्णेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात काढ त्याच्यावरनं," ती रुपालीला म्हणाली आणि पडद्यासमोर उकिडवी बसली. "साहेब, तुमच्या कंपनीत करता काय तुमी?"

"दूध डेअरीचं सॉफ्टवेअर करतो, आजी. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, ते सगळं."

"मंग तुमाला गायीतलं कळायला पायजे. तुमाला गाय पायजे पैलारू, पैल्यांदाच याल्याली, आनि दूध पायजे तिसऱ्या येताचं. घोडेगावच्या बाजारात आसं बोलला तर लोक तुमाला च्या पाजून वाटंला लावतील."

"आत्या, उठा," रुपाली दात आवळून म्हणाली. "मी काय गाय हाय का?"

"न्हाईस, म्हाईत हाय मला. गाय येवढी बोलत न्हाई." मनकर्णा परत साहेबाकडं वळली. "आवो, पैलारू घ्यायची तर मानूस धार काढून बघतो. तुमी न बघताच नको म्हनता. द्या की तिला येखादं काम. जमलं तर ठेवा, न्हाई जमलं तर दावं माझ्या हातात द्या, मी माझी घेऊन जाते घरी."

साहेब हसला, पण या वेळी जरा बेतानं. मग म्हणाला, "बरं. काढून बघू. मॅडम, अर्धा तास देतो. एका शेतकऱ्याच्या नंबरावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. फॅटप्रमाणे दर. त्याचं दहा दिवसांचं बिल काढणारा प्रोग्रॅम लिहा."

रुपालीनं बोटं कुर्तीला पुसली. लिहायला सुरुवात केली आणि लगेच थांबली.

"सर, एकाच नंबरावर गाईचं आणि म्हशीचं दोन्ही आलं तर? दोघांचा दर वेगळा असतो."

"एका नंबरावर दोन्ही कोण घालतं?"

"सगळेच घालतात, सर. आमच्यात मोनिकाताई म्हशीची किटली नेते आणि मी गाईची. नंबर आत्यांचा. आणि कधी घाईत दोन्ही एकाच किटलीत जातं."

 साहेबानं बाजूला काहीतरी लिहून घेतलं. "तीन डेअऱ्यांची तक्रार आहे की बिलं जुळत नाहीत," तो जणू स्वतःशीच बोलला. "तुम्ही लिहा, मॅडम. दोन्ही धरून लिहा."

अर्धा तास रानात कुणी शेंग तोडली नाही. आदिनाथ गोणी तशीच टाकून आला. पाऊस वाढला, तेव्हा लंकाबाईनं गोण्यांवरचा प्लास्टिकचा कागद ओढून आणला आणि त्याचं एक टोक स्वतः धरून उभी राहिली. वाटाणा भिजत होता, पण त्याचं कुणी बोललं नाही. मध्येच पडद्यावर लाल अक्षरं आली, तशी मनकर्णेनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लाल अक्षरं गेली होती, रुपालीच्या कपाळावरून पाणी गळत होतं आणि साहेब मान हलवत होता. कळवतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. तीन महिने बघणार, मग पक्कं. सोमवारपासून पुण्यात यायचं. रुपाली पाया पडली तेव्हा मनकर्णेला हसू आलं. सौदा आपणच जमवला होता, आणि तोही आपल्याच तोंडानं, कुणी मागितला नसताना. मग तिनं ज्ञानेश्वरकडं बघितलं. तो मोबाईलवर पुण्यातल्या खोल्या बघत होता.

फैयाजच्याच पिकअपमधून रुपालीचं सामान गेलं. गादी, लॅपटॉप, ज्वारीचं पोतं, लसणाची चटणी. दोरी बांधता बांधता तो म्हणाला, "काकू, माझं काय चुकलं ते आता कळलं. बावीस ठिकानी गेल्तो. जावा येत हुती, पन संगं सासू नव्हती."

"मंग लगीन कर मुडद्या," मनकर्णा म्हणाली आणि गाडी वळायच्या आत घरात गेली.

आठ दिवसांनी वाटाण्याची दुसरी तोडणी आली. मोनिका नव्या ओळीला लागली होती, आदिनाथ गोण्या शिवत होता. बांधालगतची ओळ कुणी धरली नव्हती, आणि तिच्यातल्या शेंगा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. लंकाबाई बराच वेळ काही न बोलता तोडत राहिली. हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

"काय झालं, लंके? जीभ घरी ठेवून आलीस का?"

"आक्का, शुक्रवारी आमच्या सुनंचा, दिपालीचा हाय."

"काय हाय?"

"इंटरव्ह्यू. तीबी गपचिप शिकत हुती, मला मेलीनं आता सांगितलं." लंकाबाईनं शेंगा ओच्यात टाकल्या. "तू येऊन बसशील का तिच्यापशी?"

 मनकर्णेनं पुढचा वेल उचलला, झटकला, चार शेंगा तोडल्या.

"येईन की. पन आदुगर येक दिस सांजच्याला माझ्या घरी येऊन जा. धारंच्या टायमाला. दोन किटल्या आसत्यात आनि न्यायाला येकटी मोनिका आसती. मी रोज हाक मारते, रुपाले म्हनून, आनि मग आठवतं. ते बघ, आनि मंग बोलव मला."

लंकाबाईनं मान वर केली. बांधावर ते दोन क्रेट अजून तसेच पालथे पडले होते, आणि त्यांच्यापुढची ओळ तशीच उभी होती. तिनं बराच वेळ तिकडं बघितलं.

"तरी ये," ती म्हणाली.