शेजीचं अंगण

रिक रस्त्यावरच थांबला. त्याने गोल्फकार्ट बंद केली, डोक्यावरची टोपी काढली. पण खडी संपून गवत सुरू होतं तिथून पुढे पाऊल टाकलं नाही.

"रत्ना, दोन मिनिटं आहेत?"

"ये ना. चहा टाकलाय."

"नको, इथूनच बोलतो."

रत्नाबाई हातात गाळणं घेऊन आपल्या राहत्या गाडीच्या, आरव्हीच्या, पायरीवर आल्या. रिक या कॅम्पग्राउंडचा मॅनेजर, उन्हाने लालभडक झालेला, बोलायला एरवी मोकळा. आज मात्र तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"शेजारून तक्रार आलीये."

"लॉइसकडून?"

"नाव मी सांगत नसतो."

नाव सांगायची गरजही नव्हती. रत्नाबाईंच्या आरव्हीच्या एका अंगाला लॉइसचा ट्रेलर होता आणि दुसऱ्या अंगाला सीडरची दाट झाडं. झाडं काही तक्रार करत नाहीत.

"तुम्ही अंघोळीला बाथहाउसकडे जाता ना, तेव्हा त्यांच्या साइटमधून, ट्रेलरपुढच्या जागेतून जाता."

"हो. तिथून जवळ पडतं."

"जवळ पडतं, पण जायचं नसतं." रिकने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "साइट म्हणजे त्यांची बसायची खोली समजा. भिंती नाहीत, एवढंच. तुमच्या हॉलमधून कुणी टॉवेल खांद्यावर टाकून गेलं, तर चालेल तुम्हाला?"

"आमच्याकडे जातात की."

रिक हसला, पण लगेच गंभीर झाला. "आणि ते दारावर थाप मारून डबे देणं. खिडकीचा पडदा ओढलेला असला की थाप मारू नका, प्लीज. त्यांना वाटलं तर त्या येतील."

गोल्फकार्ट निघून गेली. आत चहा उतू गेला होता. रत्नाबाईंनी शेगडी पुसली, मग पुसलेलीच पुन्हा पुसली. ट्रॉय शहरातल्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मशीन चालवली, नवऱ्यामुलींच्या गाऊनना टिपा घातल्या. ट्रायलरूमच्या दारावर टिचकी मारून "येऊ का?" विचारल्याशिवाय त्या कधी आत गेल्या नाहीत. खोलीत शिरताना विचारायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण अंगणात? मिरजेच्या गल्लीत पाणी भरायला जायचं, तर वाटेत चार घरांची अंगणं लागायची. कुणाचं वाळवण, कुणाचं बाळ, कुणाची रुसलेली सून, सगळं बघत, सगळ्यांना हाक घालत जायचं. न बोलता गेलं, तर संध्याकाळी घरी विचारणा व्हायची, बाई, राग आलाय का आमचा? आई जात्यावर बसली की म्हणायची,

शेजीचं अंगण, माझ्या पावलांना ठाव
शेजी पुसते मला, तुझ्या माहेराचं गाव

दुपारी अनीशचा फोन आला. मुलगा अ‍ॅशबर्नला, व्हर्जिनियात. मागून नात प्रीता ओरडत होती, "आजी, इज देअर अ बेअर?"

"नाही गं बाळा. इथे नुसते खारीएवढे चिपमंक. तुझ्यासारखे, सारखे खात असतात."

"आई, आज बोललीस का कुणाशी?" अनीशने विचारलं.

"रिक आला होता."

"मॅनेजर काउंट होत नाही. आपलं काय ठरलंय?"

ठरलं होतं ते असं. गुरुनाथरावांनी रिटायर झाल्यावर हौसेने ही आरव्ही घेतली. दोघांनी मिळून एकच उन्हाळा तिच्यात काढला, आणि पुढच्या थंडीत ते गेले. त्यानंतर रत्नाबाई ट्रॉयच्या मोठ्या घरात एकट्या राहिल्या. एकदा बाथरूममध्ये पडल्या, तर शेजारच्यांना कळायला दुसरा दिवस उजाडला. मग घर विकलं. अनीश म्हणाला, आमच्याकडे ये, बेसमेंटमध्ये तुला वेगळी खोली करतो. रत्नाबाई म्हणाल्या, मला गाडीत राहायचंय, ह्युरॉन सरोवराच्या काठी, ह्यांनी मला जिथे नेलं होतं तिथे. थंडीपुरती येईन तुझ्याकडे. मायलेकांची खूप वादावादी झाली. शेवटी अनीशने अट घातली.

"एक माणूस, आई," आताही तो तेच म्हणाला. "मी ज्याला फोन करून म्हणू शकेन, जरा बघता का, आई फोन उचलत नाहीये. एक नंबर पाठव मला. नाही मिळाला, तर लेबर डेला, सप्टेंबर लागला की, मी येतो, आपण गाडी विकायला लावू. डील म्हणजे डील."

"मिळेल रे."

"कोण, ती लॉइस? सूप घेतलं ना तिने तुझं?"

"आमटी," रत्नाबाई म्हणाल्या. "घेतली होती." डबा धुऊन, पुसून, पायरीवर ठेवलेला परत आला होता. सोबत शब्द नव्हता. ते त्यांनी अनीशला सांगितलं नाही.

त्या रांगेत सगळा उन्हाळा राहणारे लॉइस-डेल आणि रत्नाबाई एवढेच. बाकीचे शुक्रवारी येत, लाकडं पेटवत, रविवारी निघून जात. त्यांचे नंबर घेऊन काय करायचं?

दुसऱ्या दिवसापासून रत्नाबाई लांबच्या रस्त्याने बाथहाउसला जाऊ लागल्या. लॉइसच्या साइटसमोर आल्या की ओठांवरची ओवी थांबे, नजर खडीवर जाई. डबे बंद झाले. अंगणातल्या दोन्ही घडीच्या खुर्च्यांचं तोंड लॉइसच्या ट्रेलरकडे होतं, कारण त्याच बाजूला फांद्यांमधून सरोवराचं निळं पाणी दिसे. रत्नाबाईंनी त्या उचलून झाडांकडे तोंड करून ठेवल्या. कृष्णेच्या घाटावर बायका नहात असल्या की आपण पाठ करून उभं राहायचं, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. बघायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी लॉइसला पाठ दिली ती अशी, आदराने.

जून गेला, जुलै गेला. आधी लॉइस निदान कुंडीला पाणी घालताना हात तरी वर करायची. आता तिचाही हात वर होईनासा झाला. तिचा नवरा डेल, उंच, किंचित वाकलेला, खांद्यावर पट्टे असलेल्या पँटमधला, ट्रेलरच्या सावलीत बसून असे, आणि ती त्याच्याजवळ. सीडरच्या गर्द हिरव्या भिंतीकडे बघत रत्नाबाई चहा पीत. पाणी आता त्यांना फक्त ऐकू येई. एखादं पाखरू बोलून जाई. रात्री निजताना मनात येई, इथे एकटं आणि तिथे बेसमेंटमध्ये एकटं. मग तिथे निदान नातीच्या पावलांचा आवाज तरी छतातून येईल. ऑगस्ट लागला तेव्हा त्यांनी अनीशला विचारून ठेवलं, "त्या खोलीला खिडकी आहे का रे?"

"आहे आई. छोटी आहे, पण आहे."

त्यानंतरच्या एका सकाळी त्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. गाडीच्या पायरीशी तीन कुंड्यांत लावलेली, कोवळी, एवढ्याशा पानांची. मागे गवतावर पावलं वाजली. रत्नाबाई वळल्या नाहीत. पावलं खुर्चीला वळसा घालून पुढे आली आणि डेल समोर उभा राहिला. त्याने दुसरी खुर्ची फिरवून घेतली, तिच्यात बसला, आणि रत्नाबाईंच्या मांडीवरच्या परातीतली एक काडी उचलली. त्यांच्या बोटांकडे बघून तो एकेक पान खुडू लागला.

रत्नाबाईंना काय करावं कळेना. हाक मारावी, तर लॉइसच्या दारावर थाप मारल्यासारखं होईल. गप्प बसावं, तर तिचा माणूस तिला न सांगता इथे.

"तुमचे मिस्टर कुठेत?" डेलने विचारलं.

"ते वारले. दीड वर्ष झालं."

डेलचे हात थांबले. "अरेरे. फार वाईट झालं." तो मनापासून म्हणाला. मग पुन्हा पानं खुडू लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "मिस्टर दिसत नाहीत तुमचे?"

रत्नाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. निळे डोळे, धुतलेल्या आभाळासारखे, कालचं काही न उरलेले.

"वारले ते," त्या हलकेच म्हणाल्या.

"अरेरे," डेल म्हणाला, तेवढ्याच मनापासून, जणू आत्ताच ऐकतोय.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, "पाण्याकडे गेलेत. मासे धरायला."

"छान!" डेलचा चेहरा उजळला. "आज वारा चांगला आहे. मिळतील त्यांना."

"मिळतील," रत्नाबाई म्हणाल्या. आणि नवल म्हणजे त्यांनाही क्षणभर बरं वाटलं, गुरुनाथराव गळ टाकून बसलेत, उन्हं वर आली की परत येतील.

तेवढ्यात "डेल! डेल!" असा घाबरा आवाज आला. लॉइस अनवाणी धावत आली, आणि दोन्ही साइट्सच्या मधल्या दगडांपाशी आल्यावर एकदम थांबली. नवरा दिसत होता, हाताच्या अंतरावर होता. पण तिचं पाऊल पुढे पडेना.

"सॉरी," ती म्हणाली. "मी... येऊ का आत?"

"अगं ये ना बाई!" रत्नाबाईंच्या तोंडून मराठीच गेलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, "हे अंगण आहे. अंगणात काय विचारायचं?"

लॉइस आली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. डेलने तिला हातातलं पान दाखवलं.

"मी शॉवरमध्ये होते," ती म्हणाली. "दार लावून घेतलं होतं. कसं उघडलं त्याने कोण जाणे."

"बस. पाणी देऊ?"

"तुम्ही रागावला नाहीत माझ्यावर?"

"मी? राग तर तुला आला होता."

"मग खुर्च्या का फिरवल्या?" लॉइसचा आवाज चिरकला. "इथे खुर्च्यांचं तोंड आपल्याकडे असलं की समजायचं, या, बसा. पाठ केली की समजायचं, तुम्ही नको आम्हाला. रोज सकाळी उठून मी त्या दोन पाठी बघतेय. म्हटलं, बरोबरच आहे. मी तक्रार केली, आता भोगा."

रत्नाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, मी बघत नाहीये हे तुला कळावं म्हणून फिरवल्या! आमच्याकडे नदीवर बायका अंघोळ करतात ना, तेव्हा..." घाट, नदी, पाठ करून उभं राहणं, सगळं त्यांनी मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं. लॉइस आधी नुसती बघत राहिली, मग हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"तुम्ही टॉवेल घेऊन जायचात ना आमच्या इथून," ती म्हणाली, "तर कुणी जाताना दिसलं की हा उठतो आणि त्याच्या मागे जातो. एकदा तुम्ही पुढे गेलात, आणि हा वाट चुकला. बोटी उतरवायच्या उतारावर सापडला मला. गुडघाभर पाण्यात उभा."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पण त्याच्याकडे आजारी माणसासारखं बघायला लागला असतात. मुलीच्या घरी सगळे तसं बघतात. म्हणून तर आम्ही इथे येऊन राहतो. इथे तो फक्त म्हातारा शेजारी आहे."

रत्नाबाईंनी परात पुढे सरकवली. डेलने आणखी एक काडी उचलली.

"नीट निवडतो हं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना एवढ्या वर्षांत जमलं नाही. देठच जास्त टाकायचे."

लॉइस बसली. बराच वेळ तिघंही पानं खुडत राहिली. ऊन झाडांतून उतरून परातीत पडलं. जाताना लॉइस घुटमळली.

"एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल. तुमचा फोन नंबर द्याल मला? तो परत इकडे आला, तर तुम्ही मला नुसतं कळवा. आणि माझा तुमच्याकडे असू दे. मला इथे दुसरं कुणी नाही."

रत्नाबाईंना वाटलं, हिला मिठी मारावी. पण आता त्या शिकल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "नंबर मुलाला दिला तर चालेल का गं?"

संध्याकाळी अनीश फोनवर म्हणाला, "आई, मी लावून बघितला. खरंच लॉइस आहे ती!"

"म्हणजे? मी खोटा नंबर पाठवीन असं वाटलं तुला?"

"वाटलं थोडं. आय नो यू. काय म्हणाली माहितेय? युअर मदर इज अ व्हेरी प्रायव्हेट पर्सन."

रत्नाबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. "विकू नकोस रे गाडी," मग त्या म्हणाल्या. "नाही विकत," अनीश म्हणाला. "लेबर डेला नुसते भेटायला येतो सगळे. मेथीचे पराठे कर."

महिना सरता सरता एका दुपारी सरोवरावरून वारा उठला. रत्नाबाई जेवून आडव्या झाल्या होत्या, पडदे ओढलेले होते. दोरीवर फडफड ऐकून त्या दचकून उठल्या. सकाळी धुतलेलं सुती लुगडं! त्यांनी खिडकीची फट केली.

लॉइसने लुगडं आधीच उतरवलं होतं. एवढं लांब कापड कसं आवरायचं ते तिला कळत नव्हतं. वारा ते तिच्या हातातून ओढत होता. मग तिने एक टोक डेलच्या हाती दिलं आणि त्याला मागे मागे जायला सांगितलं. तो गेला, उलट्या पावलांनी, सांभाळून, पार सीडरच्या झाडांपर्यंत. दोघांच्या मधोमध निळं कापड ताणलं गेलं, वाऱ्याने भरलं, खाली बसलं. लॉइसने मान हलवली. डेल हातातलं टोक छातीशी धरून तिच्याकडे चालत आला, त्याने ते तिच्या हातात दिलं, आणि तिथेच थांबला. लॉइसने त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. पहिले थेंब पडू लागले होते, तरी ती दोघं हलली नाहीत.

रत्नाबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, आणि खिडकीची फटही अगदी हलक्या हाताने मिटून घेतली.