विहिरीतल्या बाईची सहा वाक्यं

कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ खूप खपला होता, म्हणून त्याला तीन तासांची पुरवणी जोडायची होती, डाउनलोड करून खेळायची. एक ओसाड गाव, एक विहीर आणि विहिरीत एक बाई. ती वाटसरूंना हाका मारते. जो उतरतो तो काही वर येत नाही.

बाईची सहा वाक्यं आवाजाचं काम बघणाऱ्या ताईंनीच म्हटली होती, तात्पुरती. नटी मिळेपर्यंत ऑफिसातल्याच कुणाच्या तरी गळ्यावर भागवायचं, ही तिथली रीत. पुढे ताईंना गळ्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि वाचाच गेली. जगात त्यांचा आवाज उरला तो एवढाच.

आज नटीचं रेकॉर्डिंग आलं. "जुनं पुसून टाका ताई, चारपर्यंत पाठवायचंय," साहेब दारातूनच म्हणाला. "सॉरी हं."

सॉरी म्हणे! ताईंचं डोकंच फिरलं. त्यांनी नटीला काढलं, स्वतःला ठेवलं आणि खेळ चालवून बघितला.

नायक काठावर उभा राहिला. खालून सहा वाक्यं आली. ताईंचे डोळे भरून आले. मग सातवं आलं.

"कशी आहेस गं?"

त्यांनी फोल्डर उघडून पाहिलं. फाइली सहाच. बंद करावं ना सरळ! पण दोन वर्षांनी आपलाच आवाज आपली विचारपूस करतोय म्हटल्यावर कुणाचा हात धजेल?

"लेकीला हाक मारावीशी वाटते ना? तुला जमायचं नाही. मी मारू?"

ताईंना भीती वाटली, नाही असं नाही. पण दोन वर्षं लेकीला नुसते मेसेज टाइप करणाऱ्या त्या आईने होकाराची मान हलवली. हलवायला नको होती.

स्पीकर गप्प झाला. पाचेक मिनिटांनी मोबाइल वाजला. लेक! एरवी ती फोन करतच नसे. करून ऐकणार काय?

"आई! अगं, बोललीस तू! मी रडतेय बघ वेड्यासारखी. पण आलीस तर बेल वाजवायची ना! आणि आवाज खालच्या पाण्याच्या टाकीतून का येतोय? पडलीबिडलीस की काय? थांब, झाकण काढलंय मी, उतरतेच."

ताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा गेली. मेसेज लिहायला घेतला, पण लेकीचा फोन तर कानालाच होता. त्यांनी फोनवर नखं आपटली, टेबल बडवलं.

"ऐकू येतंय गं आई, ठोकू नकोस, आलेच मी," लेक म्हणाली.

ताईंनी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला.

आणि फोनमधून, लेकीच्या धापांच्या मागून, त्यांचाच आवाज आला, "ये बाळा, जपून. पायरी निसरडी आहे."