हात दाखवून

"उजवा हात खिशात घालू नका, तेवढं सांभाळा," गाडीत बसता बसता निधी विभागाचा साहेब म्हणाला. "मागच्या वेळी सगळा वेळ हात खिशात होता तुमचा. लोकांना काही दिसलंच नाही."

मिस्त्रीने मान हलवली. साहेबाने आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बाह्या जरा वर दुमडायला सांगितल्या. त्याने डाव्या हाताने उजवी बाही दुमडली. डावी दुमडायला वेळ लागला, कारण उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं मुळापासून कापलेली होती.

संस्थेत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. उत्तर ध्रुवाजवळच्या बारा महिने गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी ती संस्था. अभ्यास करणारे शिकलेले लोक होते आणि त्यांचे जनरेटर, शेगड्या आणि बर्फावरच्या गाड्या चालू ठेवायला मिस्त्री होता. दरवर्षी हिवाळा सरता सरता मोहीम निघायची आणि मिस्त्री तिच्याबरोबर जायचा. बोटं गेल्यापासून तो संस्थेच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेतच असे. वर्षातून दोन-तीनदा देणगीदारांची जेवणं असत, तेव्हा त्याला धुतलेला शर्ट घालून वर बोलावत.

त्या दिवशी सकाळी शर्टाला इस्त्री त्याच्या बायकोनेच केली होती. ती इस्पितळात नर्स होती. बोटं कापली तेव्हाची सगळी ड्रेसिंगं तिने स्वतः केली होती आणि एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. या जेवणांचं नाव काढलं की मात्र तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"चौकात बसून थोटा हात दाखवतात आणि पैसे मागतात, त्यांना आपण काय म्हणतो?" तिने विचारलं.

बाईंचं काम आहे, तो म्हणाला. आपल्यासाठी थोडंच मागतोय.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली, आणि शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून कामाला निघून गेली.

बाई म्हणजे मोहिमेच्या प्रमुख. त्या डॉक्टरेट मिळवलेल्या, आणि मिस्त्रीशी अहोजाहोने बोलणाऱ्या. केसात एकही पांढरा नव्हता तेव्हा त्यांनी त्या गोठलेल्या जमिनीत खोल बोअर मारून तापमापकांच्या माळा सोडल्या होत्या. दरवर्षी तिथे जाऊन नोंदी काढायच्या, बॅटऱ्या बदलायच्या आणि परत यायचं. एवढंच ते काम, पण वर्ष चुकून चालत नाही. बॅटरी संपली की त्या वर्षी जमीन किती तापली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. सरकारने हात आखडता घेतला तेव्हा बाई कंपन्यांच्या दारात गेल्या. एक कंपनी पुढे आली. तिचा मुख्य धंदा जमिनीतून तेल काढायचा. बाईंनी एक रात्र विचार केला आणि पैसे घेतले. घेतले नसते तर ते वर्ष गेलं असतं.

कंपनीची अट साधीच होती. बर्फात आपला झेंडा लावायचा, जनरेटरचे दिवे लावायचे आणि सगळ्याचं चित्रीकरण करायचं. त्यासाठी कंपनीचे चार लोक तळावर आले. त्यांच्यातल्या दिग्दर्शकाला मिस्त्री फार आवडला. दाढीवर बर्फ साठलेला माणूस, हातात पाना, मागे झेंडा. फक्त मिस्त्रीच्या हातमोज्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. मोजे काढा, तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी झेंड्याकडे पाहिलं. त्याने मोजे काढले आणि आतल्या पातळ मोज्यांवर लोखंड धरून उभा राहिला. दिग्दर्शकाला प्रकाश पटेना. पुन्हा करा. वारा सुटला. पुन्हा. मग कॅमेराच गारठून बंद पडला, आणि तो सुरू होईपर्यंत जागेवरून हलू नका असं सांगण्यात आलं. मिस्त्रीचा हात शेवटी दुखेनासा झाला, म्हणून त्याला बरं वाटलं होतं. चार दिवसांनी बोटं काळी पडली.

परत आल्यावर संस्थेच्या पत्रकात गोष्ट आली ती वेगळीच. वादळात उपकरणं वाचवताना मिस्त्रीची बोटं गेली, असं छापलं होतं. तो तेव्हा इस्पितळात होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. नोकरी राहिली होती, बाईंच्या नोंदी आल्या होत्या. पुढे प्रत्येक जेवणाला ते वादळ थोडं थोडं वाढत गेलं.

त्या दिवशी दुपारी हॉटेलच्या मोठ्या दालनात पांढऱ्या चादरींची गोल टेबलं मांडली होती. मधोमध बर्फात कोरलेला एक माणसाएवढा पेंग्विन उभा होता आणि त्याच्या पायाशी कोळंबी रचलेली होती. पेंग्विनच्या चोचीवरून पाणी थेंब थेंब कोळंबीवर पडत होतं. बाई त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या.

"हा जगाच्या दुसऱ्या टोकाचा," त्या हळूच मिस्त्रीला म्हणाल्या. "रस्ता चुकलेला दिसतोय."

दोघंही हसली नाहीत. शेजारच्या माणसाने मात्र चोचीखाली पेला धरला, थेंब झेलला आणि "बघा, हवामानबदल," म्हणाला, तेव्हा सगळं टोळकं खदखदून हसलं. त्यांच्यात जाऊन निधी विभागाचा साहेबही हसला.

मिस्त्रीने हात खिशाबाहेर ठेवला होता. लोक येत होते. एका पाहुणीने दुखतं का म्हणून विचारलं, आणि तो नाही म्हणाल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला. एका गृहस्थाने तोंडातली कोळंबी चावत चावत हात उलटा करून पाहिला, खुंटावर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "ये, बघ, अगदी मऊ आहे." मिस्त्री त्याच्या ओठांच्या कडेला लागलेल्या तेलाकडे पाहत राहिला. बाजारात कोंबडी घेताना माणसं अशीच दाबून बघतात, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग कंपनीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. माणूस उमदा दिसत होता, आवाज मऊ होता. पृथ्वी आपली आई आहे वगैरे झालं आणि मग वादळ आलं. या वेळी वादळ दोन दिवस चाललं आणि मिस्त्रीने उपकरणांची पेटी छातीशी धरून रात्र काढली. लोक गप्प होऊन ऐकत होते. मिस्त्रीलाही क्षणभर त्या पेटीवाल्या माणसाची कीव आली. अध्यक्षांनी त्याला मंचावर बोलावलं, हात वर करायला सांगितला. त्याने केला. टाळ्या झाल्या.

"या हातांसाठी आमच्याकडून एक छोटीशी भेट," अध्यक्ष म्हणाले.

खोक्यात हातमोजे होते. उत्तम, जाड, आतून लोकर लावलेले, आणि पाठीवर सोनेरी धाग्यात कंपनीचं नाव. छायाचित्रकार पुढे सरसावला. घाला ना, कुणीतरी म्हणालं. मिस्त्रीने डाव्या हाताने उजव्या हातावर मोजा चढवला. अंगठा आणि करंगळी जागेवर बसली. मधली तीन बोटं रिकामी लोंबत राहिली. छायाचित्रकाराने हात जरा वर घ्यायला सांगितला. अध्यक्षांनी तो हात हातात घेऊन हलवला. त्यांच्या मुठीत ती रिकामी बोटं चुरगळली, त्यांचा चेहरा किंचित आक्रसला, पण छायाचित्र होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. खाली आल्यावर त्यांनी टेबलावरचा रुमाल घेतला आणि बोटन् बोट पुसलं. कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, सवयीने.

जेवायला मिस्त्रीला त्यांच्याच शेजारी बसवलं होतं. समोर ताट होतं. त्याने मोजा काढून मांडीवर ठेवला. घास न घेताच तो म्हणाला, "साहेब, वादळ नव्हतं."

अध्यक्ष त्याच्याकडे वळले. त्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं. मोज्यांवरचं दुसरं नाव, दिग्दर्शक, झेंडा, बंद पडलेला कॅमेरा. अध्यक्षांनी खरोखरच ऐकून घेतलं. काटा हातातच थांबला होता.

"अरे हो, ते चित्रीकरण," ते म्हणाले. "आठवलं. ते शेवटी वापरलंच नाही आम्ही. फार अंधारं आलं होतं."

मग त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "गोष्ट मात्र वादळाचीच चांगली आहे," ते म्हणाले, आणि पलीकडच्या पाहुण्याकडे वळले.

मिस्त्री दोन्ही मोजे घेऊन उठला. प्रसाधनगृहापर्यंत तो नीट चालत गेला आणि तिथे त्याला भडभडून उलटी झाली. पोटात काही नव्हतं, आंबट पाणीच पडलं. त्याने तोंड धुतलं. हातमोजे बेसिनच्या कडेवर ठेवले आणि बाहेर आला. दारासमोर बाई उभ्या होत्या.

"होकार दिला त्यांनी," त्या म्हणाल्या. "यंदाचं निभावलं."

"चांगलं झालं."

"मोज्यांचं मला सकाळीच कळलं होतं, मिस्त्री."

"मग?"

"मग काय. गप्प बसले."

"त्या दिवशीही तुम्ही गप्पच होतात, बाई."

इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. बाईंनी नजर खाली घेतली नाही. "हो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात प्रसाधनगृहाचा म्हातारा सफाईवाला मोजे घेऊन मागे धावत आला. राहिले तुमचे, म्हणाला. मिस्त्रीने ते त्यालाच ठेवून घ्यायला सांगितले. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. त्याने तिथल्या तिथे दोन्ही हातांत चढवून पाहिले, दहाही बोटं उघडमीट केली आणि भारी आहेत म्हणाला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर पडला आणि चालत घरी आला.

संध्याकाळी बायको कामावरून आली, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ते चित्रीकरण वापरलंच नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. सकाळचं बोलणं तिने पुन्हा काढलं नाही. तिने ताट वाढलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

त्या वर्षीची मोहीम झाली. बाई नोंदी घेऊन आल्या. दक्षिणेकडच्या एका बोअरची कडा खचली होती. खालची जमीन सैल झाली होती.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी निधी विभागाचा साहेब कार्यशाळेत उतरला. चेहरा खुललेला होता. कंपनी आता मोठं काम करतेय, त्याने सांगितलं. वादळावर एक छोटा चित्रपट, आणि त्यात मिस्त्रीची भूमिका मिस्त्रीनेच करायची. बर्फात जायचीही गरज नाही, स्टुडिओत कापसाचा बर्फ. मोबदला वेगळा.

मिस्त्री नाही म्हणाला.

साहेबाला आधी वाटलं, त्याला कळलं नाही. मग त्याने पुन्हा सांगितलं, मग मोहिमेचं काय होईल ते सांगितलं, आणि शेवटी त्याला हाताला धरल्यासारखं वर बाईंच्या खोलीत नेलं. बाई समजावतील, अशी त्याची खात्री होती. बाईंच्या मागे भिंतीवर त्यांच्या बोअरचा आलेख होता. एक लाल रेघ, चढत चढत कोपऱ्याकडे गेलेली. साहेबाने सगळं मांडलं. मिस्त्री दाराशी उभा होता. बाईंचा चेहरा उतरलेला त्याला दिसत होता. त्या क्षणी त्यांनी नुसतं 'मिस्त्री' म्हटलं असतं, तर तो कदाचित तयारही झाला असता.

"ते नाही म्हणालेत ना?" बाईंनी साहेबाला विचारलं.

"हो, पण बाई, मग मोहीम..."

"नाही म्हणालेत. मग विषय संपला."

कंपनीने रागलोभ धरला नाही. एक गोड पत्र पाठवलं आणि पैसे शहरातल्या धावण्याच्या शर्यतीला दिले. बाईंनी आणखी दहा दारं वाजवली. सगळीकडे पुढच्या वर्षी बघू म्हणाले. हिवाळा सरत आला. पेट्या भरायच्या दिवसांत पेट्या रिकाम्याच राहिल्या.

एका दुपारी मिस्त्रीने मोहिमेच्या जनरेटरवरचं कापड काढलं, तेल पाहिलं आणि डाव्या हाताने दोरी ओढून तो सुरू केला. कार्यशाळा आवाजाने भरून गेली. थोड्या वेळाने बाई जिना उतरून आल्या. त्यांना वाटलं, काही ठरलंय की काय.

"कुठे निघालाय हा?" त्यांनी आवाज चढवून विचारलं.

"कुठे नाही. पडून राहिला की अडकतो."

बाई एका रिकाम्या पेटीवर बसल्या. "उत्तरेकडच्या बोअरची बॅटरी एव्हाना गेली असेल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने ऐकलं. त्याने हात फडक्याला पुसले आणि दुसऱ्या पेटीवर टेकला. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, ऊन आतपर्यंत आलं होतं. जनरेटरवर थोडा भार हवा म्हणून त्याने वायरच्या टोकाला तळावरचा एक दिवा जोडला होता. दोघं बसली होती, आणि त्या लख्ख उन्हात दिवा जळत होता.